हिमोग्लोबिन वाढतं आणि परत खाली येतं, काय करू?

सईची_आई

नमस्कार, हा विषय इथे आधी येऊन गेला असेल तर लिंक द्या प्लीज, मला शोधून सापडला नाही. वय ४१, इचलकरंजीला असतो आम्ही, घरचं बघून एका यंत्रमाग कारखान्यात हिशेबाचं काम करते. गेली काही वर्षं माझं एकच चक्र चालू आहे. थकवा येतो, जिना चढला की धाप लागते, केस पुंजक्यांनी गळतात, मग डॉक्टर रक्त तपासायला सांगतात, हिमोग्लोबिन आठच्या आसपास निघतं, लोहाच्या गोळ्या देतात, त्या घेतल्या की दहा-साडेदहापर्यंत जातं, बरं वाटायला लागतं, कोर्स संपतो आणि काही महिन्यांत परत पहिल्यासारखं. यावेळी ७.८ आलंय. डॉक्टर बदललेत, त्यांनी फेरिटिन पण करायला सांगितलं, ते ५ आलं. एमसीव्ही ६६ आणि आरडीडब्ल्यू १९ असं लिहिलंय, हे काय असतं ते मला कळलं नाही. ते म्हणाले गोळ्या सोसत नसतील तर सलाईनमधून आयर्न देऊ.

गोळ्यांनी मला खरंच त्रास होतो, मळमळतं, पोट साफ होत नाही, शी काळी होते. पण सलाईनची पण भीती वाटते, आमच्या ओळखीत एकीला फार पूर्वी रिअ‍ॅक्शन आली होती म्हणे. सासूबाई रोज सकाळी बीट-गाजराचा रस देतात, अळीवाचे लाडू करतात, गूळ-शेंगदाणे हातात ठेवतात, त्यांचं खूप लक्ष असतं माझ्याकडे, तरी आकडा का वाढत नाही याचं त्यांनाच जास्त वाईट वाटतं. पाळी नियमित आहे, पहिले दोन-तीन दिवस जास्त जातं पण ते मला कायमच तसं आहे.

अजून दोन गोष्टी. मला कच्चे तांदूळ खावेसे वाटतात, निवडायला बसले की मूठभर तोंडात जातातच, याचा काही संबंध आहे का? आणि सई १४ वर्षांची आहे, तिला शाळेत निळी गोळी देतात, मैत्रिणी म्हणतात त्याने पोट दुखतं म्हणून ती टाळते. द्यायची ना?

---

रत्नागिरीची_अपर्णा

अगं, बाकी सगळं नीट लिहिलंयस आणि पाळीचं एका ओळीत उरकलंस. मला तर सगळ्यात आधी तेच विचारायचंय. जास्त जातं म्हणजे किती? तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागतं का, रात्री उठावं लागतं का, दोन पॅड एकावर एक लावतेस का, मोठ्या गाठी पडतात का, सात दिवसांच्या वर चालतं का? यातलं एक जरी हो असेल तरी ते जास्तच आहे, कायमचं असलं तरी जास्तच. आमच्या घरात आई, मावशी, मी, सगळ्यांना असंच जायचं म्हणून मला ते नॉर्मल वाटायचं, अंगावरून जातं ते बाईनं सोसायचं असतं हे लहानपणापासून ऐकलेलं. ऑफिसात गडद रंगाचे कपडे घालून जायचं, प्रवासाचे दिवस पाळी बघून ठरवायचे, असं सगळं करत होते पण डॉक्टरांपुढे तोंडातून निघायचं नाही. शेवटी एका गायनॅक बाईंनी थेट पॅडची संख्या विचारली, सोनोग्राफी केली तर गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ निघाली.

उपचार काय झाले तर आधी रक्त जाणं कमी करणाऱ्या ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्या, त्या फक्त जास्त जाण्याच्या दिवसांतच घ्यायच्या असतात (रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास कधी झालेला असेल तर त्या चालत नाहीत, आधी सांगायचं). नंतर हॉर्मोनवाली तांबी बसवली. साध्या तांबीने, म्हणजे कॉपर टीने, काहींना पाळीत उलट जास्त जातं, तुझ्याकडे ती असेल तर तेही सांग त्यांना. हॉर्मोनवाली वेगळी, तिने माझं रक्त जाणं इतकं कमी झालं की लोहाच्या गोळ्या कायमच्या सुटल्या.

एक कळकळीने सांगते, कोणी एकदम पिशवी काढून टाका म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नकोस. बीडकडच्या ऊसतोड बायकांची किती कमी वयात गर्भाशयं काढली गेली ते २०१९ मध्ये सगळ्यांसमोर आलं, वाचून झोप उडाली होती माझी. काहींना ते ऑपरेशन खरंच लागतं, पण तो पहिला उपाय नाही.

---

सूक्ष्मदर्शक

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो, निदान डॉक्टरांनीच करायचं, पण रिपोर्ट कसा वाचायचा ते सांगतो. एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार, साधारण ८० ते १०० असायला पाहिजे, तुमचा ६६ म्हणजे पेशी खूपच लहान. आरडीडब्ल्यू वाढलेला म्हणजे पेशी एकसारख्या नाहीत, काही लहान काही मोठ्या. आणि फेरिटिन म्हणजे साठवलेलं लोह. हिमोग्लोबिन हे ताटातलं अन्न धरा आणि फेरिटिन म्हणजे कोठीतलं धान्य, तुमची कोठी रिकामी आहे. गोळ्या घेतल्या की ताट भरतं, दहा-साडेदहा दिसतं, पण कोठीत दाणा पडायच्या आत कोर्स थांबतो आणि दर महिन्याला बाहेर जाणारं चालूच आहे, म्हणून परत तेच. १५ च्या खालचं फेरिटिन म्हणजे लोह संपलंय यात शंकाच नाही, आणि बरेच डॉक्टर ३० च्या खाली गेलं तरी कमतरता धरतात.

दोन सूचना. ताप, इन्फेक्शन, सांध्यांची सूज असं काही चालू असेल तर फेरिटिन खोटं जास्त दिसतं, तेव्हा नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त होऊ नये. आणि बोटाला टोचून शिबिरात काढलेलं हिमोग्लोबिन आणि शिरेतून रक्त घेऊन मशीनवर केलेलं, यांची तुलना करू नका, त्यात चांगला फरक पडू शकतो. शक्यतो एकाच लॅबमध्ये करत जा.

थॅलेसेमिया मायनरमध्ये (आईवडिलांकडून येणारा रक्ताचा सौम्य दोष) पण पेशी लहान असतात, पण तिथे लाल पेशींची संख्या सहसा चांगली असते आणि फेरिटिन असं तळाला जात नाही. सिंधी, पंजाबी, लोहाणा, भानुशाली अशा समाजांत ते जास्त दिसतं पण कुणालाही असू शकतं. शंका वाटली तर एचबी ए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) ची टेस्ट असते, मात्र ती लोह भरून झाल्यावर केलेली बरी, लोह कमी असताना ए२ कमी दिसून निदान हुकू शकतं.

---

निशिगंध_एमडी

मेडिसिनमध्ये प्रॅक्टिस करते, नाशिक. सईची आई, पहिलं सांगते, ७.८ आणि जिन्यावर धाप हे अंगावर काढायचं नाही, गरोदर नसलेल्या बाईला ८ च्या खाली म्हणजे तीव्र अ‍ॅनिमिया धरतात. बसल्या जागी धाप लागली, छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलात तर त्याच दिवशी हॉस्पिटल.

आता गोळ्यांचं. पूर्वी दिवसातून दोनदा-तीनदा द्यायचे, अजूनही काही जण देतात. पण लोह पोटात गेलं की हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि ते साधारण दिवसभर पुढचं लोह आत जाऊ देत नाही. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या गोळीतलं बरंचसं लोह आतड्यातच राहतं आणि मळमळ, बद्धकोष्ठता त्यानेच होते. दिवसातून एकदाच, किंवा सोसत नसेल तर एक दिवसाआड घेतली तरी चांगलं काम होतं. उपाशीपोटी उत्तम, नाही जमलं तर थोडं खाऊन घ्या, रात्री झोपताना घ्या, पण घ्या. चहा, कॉफी, दूध, कॅल्शियमची गोळी, अ‍ॅसिडिटीचं औषध यांच्यासोबत घेऊ नका. शी काळी होणं हे लोहामुळेच, त्याला घाबरू नका. पण गोळी चालू नसताना शी काळीकुट्ट चिकट झाली तर लगेच दाखवायचं, तो पोटातला रक्तस्राव असू शकतो.

किती दिवस घ्यायच्या, इथेच सगळं बिघडतं. महिनाभरात हिमोग्लोबिन निदान १ ने वाढायला हवं. नाही वाढलं तर कारण शोधायचं, रक्त जातंय का, आतड्यात शोषलं जात नाहीये का (सिलिअ‍ॅक, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन न सोसणारा आतड्याचा आजार असतो, पोटात एच पायलोरी नावाचा जंतू असतो), की मुळात निदानच वेगळं आहे. आणि वाढून १२ च्या वर गेलं तरी पुढे अजून साधारण ३ महिने चालू ठेवायच्या, कोठी तेव्हा भरते. बरं वाटायला लागतं तिथे पेशंट थांबतात, आणि पुढे चालू ठेवा हे त्यांना कुणी नीट सांगितलेलंही नसतं.

सलाईनची भीती मला समजते. पूर्वीची जी आयर्नची इंजेक्शनं होती, डेक्स्ट्रान वगैरे, त्यांत रिअ‍ॅक्शनचं प्रमाण जास्त होतं. हल्ली आयर्न सुक्रोज किंवा फेरिक कार्बॉक्सीमाल्टोज देतात, गंभीर रिअ‍ॅक्शन क्वचित येते, पण येऊ शकते म्हणूनच ते हॉस्पिटलमध्येच घ्यायचं, घरी बोलावून नाही, आणि संपल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं. सुई शिरेतून सरकली तर कातडीवर तपकिरी डाग पडतो आणि तो बराच काळ जात नाही, म्हणून हाताला जळजळलं की लगेच नर्सला सांगायचं. दम्याचा किंवा औषधांच्या अ‍ॅलर्जीचा इतिहास असेल तर आधी सांगा.

किती लागतं त्याचं एक गणित आहे, वजन गुणिले (१५ वजा तुमचं हिमोग्लोबिन) गुणिले २.४, त्यात ५०० मिळवायचे. वजन ५५ धरलं तर तुम्हाला साधारण १४५० मिलिग्रॅम लोह हवंय. सुक्रोज एका वेळी साधारण २०० देतात म्हणजे बऱ्याच फेऱ्या होतात, कार्बॉक्सीमाल्टोज एका बैठकीत १००० पर्यंत देता येतं पण ते महाग आहे. दर महिन्याला पाळीत ८० मिली रक्त गेलं तरी ३०-३५ मिलिग्रॅम लोह जातं, आणि शाकाहारी जेवणातलं लोह दहातलं एकच काय ते अंगी लागतं. या हिशेबात नुसत्या खाण्यावर १४५० भरून निघणं अशक्य आहे. तुमच्या डॉक्टरांनी सलाईन सुचवलंय ते मला योग्य वाटतं, पण सोबत सोनोग्राफी आणि गायनॅकची भेट झालीच पाहिजे, नाहीतर हे पण पुढच्या वर्षी संपेल.

तांदळाचं म्हणाल तर हो, थेट संबंध आहे. माती, खडू, बर्फ, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ, असं खावंसं वाटणं लोह कमी असल्याचं लक्षण असतं. लोह मिळायला लागलं की ही ओढ बऱ्याचदा हिमोग्लोबिन वाढायच्या आधीच जाते. लाजू नका, डॉक्टरांना सांगा.

---

खमंग_फोडणी

वरच्या डॉक्टर ताईंनी सांगितलंय की खाण्याने एवढी तूट भरत नाही, ते मान्यच. पण खाणं सोडून द्यायचं नाही, पुढे टिकवायला तेच लागतं. बीटाचं म्हणाल तर त्यात १०० ग्रॅमला १ मिलिग्रॅम पण लोह नसतं, लाल रंग बघून आपल्याकडे सगळ्यांचा गैरसमज आहे, डाळिंबाचं तेच. सासूबाईंचे अळीवाचे लाडू मात्र चालू ठेव, अळिवात खरंच भरपूर लोह असतं. गुळात साखरेपेक्षा जास्त आहे पण गूळ खाऊन हिमोग्लोबिन वाढवायचं म्हटलं तर आधी साखरच वाढेल.

मोड आलेली मटकी, कुळथाचं पिठलं, चवळी, माठ, शेवग्याचा पाला, राजगिरा हे आलटून पालटून ठेव, आणि वरून लिंबू पिळ, पण उकळताना नाही, पानात वाढल्यावर, कारण उष्णतेने क जीवनसत्त्व कमी होतं. पेरू, आवळा, कच्चा टोमॅटो पण चालेल. मोड आणल्याने, पीठ आंबवल्याने धान्यातलं लोह जास्त अंगी लागतं. आमच्याकडे भाजी अजून लोखंडी कढईत असते, आमसूल किंवा टोमॅटो घातला की लोह जास्त उतरतं, फक्त भाजी त्यातच ठेवून द्यायची नाही, काळी पडते. आणि जेवणावर लगेच चहा बंद, तास दीड तास जाऊ दे. ही एक सवय मोडली तरी खूप. मांसाहार चालत असेल तर कलेजी, मटण, तिसऱ्या, त्यातलं लोह भाजीतल्या लोहापेक्षा कितीतरी सहज शोषलं जातं (गरोदर बाईने मात्र कलेजी जपून, त्यात अ जीवनसत्त्व फार असतं).

---

सातपुड्याची_सिस्टर

मी नंदुरबार जिल्ह्यात एएनएम, म्हणजे सरकारी आरोग्य उपकेंद्रातली नर्स आहे. सईला गोळी द्याच. ती निळी गोळी आठवड्यातून एकदाच असते, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड, २०१८ पासून अ‍ॅनिमिया मुक्त भारत या सरकारी कार्यक्रमात हेच चालू आहे. पोट दुखतं कारण पोरी डबा खायच्या आधी घेतात. मधल्या सुट्टीत जेवून घेऊ दे, आठवड्याची एक आहे, काही होत नाही. जंताची गोळी पण चुकवू देऊ नका, फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये देतात, आकडेकृमी आतड्याला चिकटून रक्त पितो, अनवाणी शेतात जाणाऱ्या लोकांत आम्ही ते खूप बघतो. पाळी सुरू झालेल्या मुलीचं वर्षातून एकदा हिमोग्लोबिन बघा, आणि तिलाही पाळीत किती जातं ते विचारा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना अ‍ॅनिमिया निघाला, म्हणजे निम्म्याहून जास्त, आणि सगळ्या म्हणतात थोडा अशक्तपणा आहे.

आमच्या भागातल्या आणि विदर्भातल्या लोकांसाठी अजून एक. भिल्ल, पावरा, गोंड आणि इतरही काही समाजात सिकलसेल आहे, लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार. सांधे-हाडं दुखतात, डोळे पिवळे होतात, वरचेवर ताप येतो आणि रक्त कमी, असं असेल तर आधी सिकलची तपासणी करा, सरकारी दवाखान्यात फुकट होते, जुलै २०२३ पासून त्याची राष्ट्रीय मोहीमच चालू आहे. सिकलच्या माणसाला फॉलिक अ‍ॅसिड देतात, पण लोह मात्र कमी आहे हे तपासल्याशिवाय देऊ नये. आणि लग्न ठरवताना दोघांचीही तपासणी करा, दोघंही वाहक निघाले तर मुलाला आजार व्हायचा धोका दर बाळंतपणात २५ टक्के असतो.

घरात लहान पोरं असतील तर या गोळ्या उंच ठेवा. गोड आवरण असतं, मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेततं.

---

ठाणे_पश्चिम

धागा बायकांच्या अंगाने चाललाय ते बरोबरच आहे, पण पुरुषांसाठी आणि पाळी गेलेल्या बायकांसाठी एक लिहितो. त्यांचं लोह कमी झालं तर ते कुठून तरी जातंय असंच धरून चालायचं, आणि बऱ्याचदा ती जागा पोटात किंवा आतड्यात असते. माझे वडील ६६ वर्षांचे, हिमोग्लोबिन ९ (पुरुषांना १३ तरी हवं). मूळव्याध होती म्हणून सगळ्यांनी तेच कारण धरलं. एका तरुण डॉक्टरने हट्टाने कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) करायला लावली आणि मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला कॅन्सर निघाला. तिथला कॅन्सर शीतून लाल रक्त दाखवतच नाही, आतल्या आत थोडं थोडं जात राहतं. वेळेत ऑपरेशन झालं, आज ते बरे आहेत. सांधेदुखीसाठी रोज पेनकिलर घेणाऱ्यांनी पण बघा, जठरात अल्सर होऊन असंच रक्त जातं.

---

परळकर

सगळे लोहावर बोलताय पण बी१२ आणि फॉलिक अ‍ॅसिड विसरू नका. तिथे उलट असतं, पेशी मोठ्या होतात, एमसीव्ही १०० च्या वर. लोह आणि बी१२ दोन्ही कमी असेल तर लहान-मोठ्या मिसळून एमसीव्ही नॉर्मल पण दिसतो, फसवतो. शुद्ध शाकाहारी लोक, डायबिटीससाठी मेटफॉर्मिन घेणारे, वर्षानुवर्षं अ‍ॅसिडिटीची गोळी घेणारे, यांनी बी१२ तपासावं. हातापायाला मुंग्या येत असतील तर नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेऊ नये, रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांचं नुकसान चालूच राहतं.

आणि हे मला इथे लिहायलाच हवं, कारण ते आमच्या परळचं आहे. १९२० च्या दशकाच्या शेवटी लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या, हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम करायच्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गरोदर बायकांना जो गंभीर अ‍ॅनिमिया व्हायचा त्याचं कारण त्या शोधत होत्या. त्या बायकांच्या पेशी मोठ्या होत्या, म्हणजे लोहाचा प्रश्न नव्हता. मार्माइट हा यीस्टचा अर्क, ब्रेडला लावायचा, स्वस्त, तो दिला आणि बायका बऱ्या व्हायला लागल्या. १९३१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. मार्माइटमधली ती गोष्ट म्हणजे फोलेट हे नंतर कळलं. आज जगभर गरोदर बाईला फॉलिक अ‍ॅसिड देतात त्याची सुरुवात गिरणगावातल्या बायकांच्या रक्तापासून झाली, आमच्या आजीच्या पिढीच्या. त्यांची नावं कुठेच नाहीत.

---

सईची_आई

सगळ्यांचे खूप आभार, उशिरा लिहितेय त्याबद्दल सॉरी. रत्नागिरीच्या ताई, तुमचे प्रश्न कागदावर लिहून गायनॅककडे नेले आणि तोच कागद त्यांच्या हातात दिला, तोंडाने सांगायला जमलं नसतं. सोनोग्राफीत गर्भाशयाची भिंत जाड झालीय म्हणाल्या, अ‍ॅडेनोमायोसिस, म्हणजे आतलं अस्तर भिंतीच्या स्नायूत शिरतं. हॉर्मोनवाल्या तांबीचं बोलणं चाललंय. आयर्नची पहिली सलाईन हॉस्पिटलमध्ये घेतली, डोकं थोडं दुखलं दुसऱ्या दिवशी, बाकी काही नाही. तांदूळ खावेसे वाटणं खरंच थांबलंय, मला अजून विश्वास बसत नाहीये. सासूबाईंनी बीट बंद करून मटकीला मोड आणायला घातलेत. सईने जेवून गोळी घेतली, पोट दुखलं नाही.

एक राहिलं. माझी थायरॉइडची गोळी चालू आहे सकाळी उपाशीपोटी. पुढे लोहाची गोळी परत सुरू करायची म्हणाले तर दोन्ही एकत्र चालतील का? आणि फेरिटिन परत कधी करू?

---

निशिगंध_एमडी

एकत्र नको, लोहाने थायरॉइडची गोळी शोषली जात नाही, मग टीएसएच (थायरॉइडच्या तपासणीतला आकडा) वाढतो आणि थकव्याचं कारण कुठलं तेच कळत नाही. दोघींत ४ तासांचं अंतर ठेवा, थायरॉइडची सकाळी आणि लोहाची रात्री हे सोपं पडतं. फेरिटिन लगेच करू नका, सलाईननंतर काही आठवडे ते खूप जास्त दिसतं. शेवटच्या सलाईननंतर ६ ते ८ आठवड्यांनी सीबीसीसोबत (हिमोग्लोबिन आणि पेशींची नेहमीची रक्त तपासणी) करा, आणि तांबी बसल्यावर पुढे ३ महिन्यांनी पुन्हा एकदा. त्या दोन आकड्यांवरून कळेल गळती थांबलीय की नाही.